महर्गतेचे दिवस आणि आपली जमाखर्चाची वही



आपल्या मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘महागाईच्या दिवसांत घरखर्च कसा आटोक्यात ठेवावा’ या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळींनी मला आज्ञा केली. मी कोणी अर्थशास्त्रज्ञ नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक व त्यानंतर शिक्षकाची पदविका एवढीच माझी विद्या, आणि अडतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना गणित व इतिहास शिकविला एवढाच माझा अधिकार. डाळ कशी शिजवावी म्हणजे इंधन वाचेल, साखर कोठे स्वस्त मिळेल, हे आपल्या घरच्या सुगृहिणींना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कळते. त्यांना त्याविषयी उपदेश करण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र आजची महागाई ही काही पहिली महागाई नव्हे. आपल्या वाडवडिलांनी अशा अनेक महागाया सोसल्या. त्यांनी त्या कशा सोसल्या, त्यांत त्यांचे काय साधले व काय चुकले, हे पाहणे इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे आणि तेवढेच मी येथे करणार आहे.

आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत जमाखर्चाच्या वह्या आहेत. सर्वांत जुन्या वह्या आजोबांच्या हातच्या असून त्या मोडीत लिहिलेल्या आहेत. त्यानंतरच्या वडिलांच्या. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. शेवटच्या माझ्या स्वतःच्या. सेवानिवृत्तीनंतर हाती वेळ आला तेव्हा मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यास शेजारी बसवून या वह्या मी पहिल्या पानापासून वाचून काढल्या. त्या वाचनातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. महागाई आली की प्रत्येक पिढीने खर्च कमी केला, यात संशय नाही. परंतु कोणता खर्च सर्वांत आधी कमी केला आणि कोणता अखेरपर्यंत कमी केला नाही, हे पाहू गेल्यास मान खाली घालावी लागते.

जुने घर आणि जुने कर्ज

आपल्या पणजोबांच्या काळी खेड्यातील घरात रोख पैसा फार थोडा खेळत असे. धान्य घरचे, दूधदुभते घरचे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांना बलुते म्हणून सुगीच्या वेळी खळ्यावरच धान्य मिळे. वर्षाची बेगमी कणगीत किंवा पेवात भरून ठेवली की मीठ, कापड, धातूची भांडी एवढ्यापुरताच बाजाराशी संबंध येई. पैशाची खरी गरज पडे ती सरकारचा सारा भरताना, बैल घेताना आणि घरात कार्य निघाले असता.

पुढे रेल्वे आली व शेतकऱ्याचा माल दूरच्या बाजाराशी बांधला गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्यामुळे इकडच्या कापसाचे भाव कडाडले. हाती पैसा आला, सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागला. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास साऱ्याचे दरही वाढले होते. कर्ज मात्र कमी झाले नाही. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले आणि पाहता पाहता ही आग पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जाच्या कामी संरक्षण देणारा कायदा झाला.

या आयोगाने एक गोष्ट नमूद केली, तिची आपल्यास आठवण असावी. शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, अशी तेव्हाही सर्वत्र समजूत होती. आयोगाने म्हटले की, या कारणास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. लग्ने आयुष्यात क्वचित येतात. पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी आणि साऱ्यासाठी घेतलेली लहान लहान कर्जे मात्र दर वर्षी येतात आणि व्याजाने फुगत जातात. मी कित्येक वर्षे वर्गात ‘उधळपट्टी हे दारिद्र्याचे कारण’ असे निबंधासाठी मुद्दे देत आलो. हा भाग वाचल्यावर मला माझ्या त्या मुद्द्यांची लाज वाटली. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिले होते की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा अन्नावर खर्च होतो. अशा घराला धान्याची महागाई सर्वांत आधी झोंबते आणि त्याच्यापाशी कमी करण्याजोगे असे काहीच नसते. ज्याच्या ताटात मुळात अर्धीच भाकरी आहे, त्यास काटकसरीचे पाठ देणे हा अधर्म होय. म्हणून प्रारंभीच सांगतो, हा लेख ज्यांच्या घरी दोन वेळची चूल निर्वेध पेटते, त्यांच्यासाठी आहे.

तथापि या नाण्यास दुसरी बाजूही आहे. सुप्याच्या दंग्याच्या दोनच वर्षे आधी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापून अत्यल्प खर्चात लग्ने लावण्याचा पायंडा पाडला. पुढे संत गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले आणि कीर्तनातून एकच गोष्ट तऱ्हेतऱ्हेने सांगत राहिले. ऋण काढून सण करू नका, भांडी नसली तर हातावर भाकरी घेऊन खा, परंतु मुलांना शाळेत घाला, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आयोगाने साऱ्या रयतेचा हिशेब मांडला होता, बाबांनी एकेक घर पाहिले होते. कार्य क्वचित येते हे खरे, परंतु ते ज्या वर्षी येते त्या वर्षी पावसाने दगा दिला किंवा भाव भडकले तर त्या एकाच कर्जाखाली घर बसते. तेव्हा दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत.

पहिले महायुद्ध आणि ज्ञातिसंस्थांची कामगिरी

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि त्याची झळ मुंबईच्या चाळीपर्यंत पोहोचली. धान्य महाग, कापड महाग, घासलेट महाग. भाडी इतकी चढली की १९१८ साली मुंबई सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी पाऊस दगावला आणि इन्फ्ल्युएंझाची साथ आली. १९१९ च्या जानेवारीत गिरणी कामगारांनी मोठा संप केला, त्याच्या मुळाशीही महर्गता होतीच.

या काळात काही ज्ञातिसंस्थांनी केलेले कार्य आपण मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. सारस्वत समाजातील रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तल्मकी यांनी १९०६ साली आपल्या गुरूंच्या नावे शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली. कानडा मुलखातून नोकरीसाठी मुंबईस आलेल्या ज्ञातिबांधवांना सावकाराच्या दारी जावे लागू नये, हा तिचा हेतू. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आशियातील अशा प्रकारची ती पहिली संस्था म्हणून ओळखली जाते. १९१८ साली, म्हणजे महागाई ऐन भरात असताना, सारस्वत सहकारी बँकिंग सोसायटी निघाली. आश्रितांची लग्ने, जुन्या कर्जाची फेड आणि औषधोपचार अशा अडीनडीच्या खर्चासाठी कुटुंबांना मदत करावी, हा तिचा उद्देश होता. आपली ज्ञाती वेगळी असली तरी चांगले ते कोणाचेही घ्यावे. घरभाडे आणि व्याज हे दोन खर्च असे आहेत की कितीही सुगरण गृहिणी असली तरी ते तिला स्वयंपाकघरात बसून कमी करता येत नाहीत. ते दहा घरे एकत्र आली तरच कमी होतात, हे त्या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले.

त्याच सुमारास, १९२१-२२ साली, मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये, त्यातील निम्म्याहून अधिक खर्च अन्नावर, आणि जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात, असे चित्र तीतून दिसून आले. एंगेलचा नियम परळ-लालबागच्या चाळींतही तसाच खरा ठरला.

रेशनचे दिवस

दुसऱ्या महायुद्धाची महागाई आपल्या ज्येष्ठांच्या बोलण्यातून आपण ऐकलेली आहे. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. मुंबई व कोकण यांना तो मोठाच आधार होता. १९४३ च्या मे महिन्यात मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले. भातखाऊ माणसाला ज्वारी, बाजरी, गहू जे वाट्यास येईल ते खावे लागले. देशावरच्या शेतकऱ्याकडून लेव्हीचे धान्य सक्तीने घेतले जाऊ लागले. साखर, घासलेट, कापड या साऱ्यांवर नियंत्रणे आली. सरकारी नोकरांना महर्गतेपायी भत्ता देण्याची रीतही याच महायुद्धात पडली.

आजोबांच्या त्या काळच्या वहीत साखरेची नोंद वर्षभरात दोनदाच आढळते, दोन्ही वेळा सणाची. बाकी सारा गूळ. घासलेटाच्या नोंदी विरळ होत जातात, म्हणजे कंदील मालवून चिमणीवर भागविले असावे. कापडाच्या खात्यात दोन वर्षे आजीच्या लुगड्याची नोंदच नाही. हल्लीच्या मुलींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. लुगडे मध्यावर विरले की ते तेथे फाडून, धड असलेली दोन टोके एकमेकांस शिवून पुन्हा नेसत. यास दंड घालणे म्हणत. तेही जीर्ण झाले की त्याची वाकळ होई, आणि वाकळही फाटली की बाळाचे दुपटे. वस्तू पूर्णपणे झिजेपर्यंत वापरण्याची ही विद्या त्या पिढीने आपल्यास शिकविली, याबद्दल तिचे उपकार मानले पाहिजेत.

परंतु त्याच वहीत, ज्या सालात आजीचे लुगडे नाही, त्याच सालात धाकट्या काकांच्या लग्नाचा आहेर, मानपान आणि गावजेवण यांच्या नोंदी दोन पाने भरून आहेत. धान्यटंचाईच्या काळात निरनिराळ्या प्रांतांत मेजवान्यांवर व पाहुण्यांच्या संख्येवर निर्बंध घालणारे सरकारी हुकूम निघत असत. त्यांतून वाट काढण्याच्या युक्त्याही आपल्या लोकांना ठाऊक होत्या.

१९४७ च्या डिसेंबरात, महात्मा गांधींच्या आग्रहामुळे, धान्यावरील नियंत्रण उठविण्यास सुरुवात झाली. भाव एकदम चढल्यामुळे १९४८ साली ते पुन्हा आणावे लागले. पुढे रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना ते क्रमाने सैल झाले. १९६५-६६ व १९६६-६७ ही अवर्षणाची वर्षे आली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य घरांतून सोमवारी रात्री चूल पेटली नाही. अमेरिकेचा गहू व तांबडा मिलो रेशनवर येऊ लागला. तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो. मोठी माणसे सोमवारी उपाशी राहत आणि आम्हां मुलांना मात्र भाकरी मिळे, एवढे मला स्पष्ट स्मरते.

बहात्तरचा दुष्काळ आणि आमचे घर

आता मी जे सांगणार आहे ते ऐकीव नव्हे. १९७० पासून लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस कमी पडला आणि १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, गुरे विकली गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्त्याची खडी. मुलांना सुकडी मिळे. तासगाव भागात १९६५ साली प्रयोगरूपाने सुरू झालेली वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

आमच्या घरी सहा माणसे. अण्णांची कोरडवाहू जमीन आणि गावातील एका दुकानात हिशेब लिहिण्याची अर्धवेळ नोकरी. आईने खर्च कसकसा कमी केला हे मी पाहिले आहे. गव्हाचे पीठ प्रथम बंद झाले. मग डाळीच्या आमटीऐवजी हुलग्याचे माडगे आले. मिलोची भाकरी थापताना तुटे, म्हणून ती त्यात मूठभर ज्वारीचे पीठ मिसळी. चहा गुळाचा, तोही एक वेळ. वाण्याची उचापत तिने प्रयत्नपूर्वक बंद केली. उधारीवर घेतलेला माल मोजून घेता येत नाही आणि भाव विचारता येत नाही, हे तिचे म्हणणे मला आजही शहाणपणाचे वाटते. ती सर्वांच्या मागून जेवे. टोपलीत उरली तर भाकरी, न उरली तर माडगे. अण्णांच्या वहीत वाचविलेल्या पैची नोंद आहे, परंतु आईने वाचविलेली भाकरी कोणत्याही वहीत जमा नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा आठवीत होती. गणितात ती माझ्याहून कितीतरी पुढे. पुढे मी गणिताचा मास्तर झालो तो पुष्कळसा तिने शिकविलेल्या अपूर्णांकांवर. १९७३ च्या जूनमध्ये तिचे नाव शाळेतून काढले. फीची सवलत होती, त्यामुळे फीचा प्रश्न नव्हता. प्रश्न वह्यापुस्तकांचा आणि कपड्यांचा होता, आणि त्याहूनही तिच्या दोन हातांचा होता. ती आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहू लागली. माझे नाव मात्र शाळेत राहिले. यात काही अन्याय आहे असे त्या वेळी घरात कोणास वाटले नाही. मलाही वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्याच सुमारास जगात तेलाचे भाव एकाएकी कित्येक पटींनी वाढले आणि १९७४ साली आपल्या देशात भाववाढीने शेकडा पंचविसाची मर्यादा ओलांडली. सरकारने नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत अडकवून ठेवला. अशा त्या १९७४ च्या उन्हाळ्यात आक्काचे लग्न ठरले. १९६१ च्या कायद्याने हुंडा बंद झालेला होता, म्हणून हुंड्याचे नाव कोणी काढले नाही. ‘मानपान’ म्हणून मात्र सारे काही झाले. अण्णांनी १,८०० रुपये कर्ज काढले. दोन वेळचे वऱ्हाडाचे जेवण, आहेर, आणि तालुक्याहून आणलेला बँड.

अण्णांच्या वहीत १९७२-७३ च्या सालात एके ठिकाणी लिहिले आहे, ‘चि. मुलीचे वह्यापुस्तके व गणवेश, एकूण रु. ३८.’ आणि १९७४ च्या वैशाखात लिहिले आहे, ‘बँड, रु. ७५.’ ही दोन पाने समोरासमोर ठेवून मी पुष्कळ वेळ बसलो होतो. गणिताच्या शिक्षकास भागाकार करावयास कोणी सांगावे लागत नाही. ते कर्ज फिटावयास १९८२ साल उजाडले.

अण्णा उधळे नव्हते. विडीदेखील न ओढणारा माणूस. ते असे का वागले? आमच्याच गल्लीत त्याच्या आदल्या वर्षी एका ज्ञातिबांधवाने पाच माणसांत, देवळाच्या ओसरीवर मुलीचे लग्न उरकले होते. त्याची किती दिवस कुजबुज चालली! ‘मुलीत काही खोट असेल’, येथवर लोक गेले. त्या कुजबुजीत आमचे घरही होते. ती कुजबुज अण्णांच्या कानांत होती आणि तिच्या भयाने त्यांनी कर्जाच्या कागदावर सही केली. म्हणजे पाहा, ताटातील भाकरी कमी करताना घराला कोणाची परवानगी लागली नाही, मुलीची शाळा बंद करताना लागली नाही, परंतु बँड कमी करण्यास साऱ्या ज्ञातीची परवानगी हवी होती आणि ती मिळण्यासारखी नव्हती. जो खर्च चार भिंतींच्या आत आहे तो घर कमी करू शकते. जो चारचौघांच्या नजरेसमोर आहे तो चारचौघांनी मिळूनच कमी करावा लागतो. तीन पिढ्यांच्या वह्यांतून मला मिळालेला धडा हाच.

आक्का आता सत्तरीला आली आहे. तिने आपल्या दोन्ही मुलींना पदवीपर्यंत शिकविले आणि तिच्या वस्तीतील महिला बचत गटाचा हिशेब ती आजही बव्हंशी तोंडी करते. हा लेख तिला वाचून दाखविला, तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बँड मात्र छान वाजला होता रे.” यावर मी काय बोलणार!

एकट्याने नव्हे, एकजुटीने

सुदैवाने त्याच महागाईने आपल्या स्त्रियांना दुसराही मार्ग दाखविला. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या भगिनी तीत एकत्र आल्या. हाती लाटणे व थाळी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. रेशनवर धान्य, तेल व घासलेट रास्त भावाने मिळावे, एवढीच त्यांची मागणी. शतकानुशतके मागून जेवणारी बाई त्या दिवसांत पुढे आली.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकारी व्याजातून त्यांची सुटका करण्यासाठी त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. काही घरांचा एक संघ करावयाचा, महिन्याच्या सामानाची यादी आगाऊ द्यावयाची, साऱ्यांची खरेदी एकत्र घाऊक भावाने करावयाची आणि माल आपसांत वाटून घ्यावयाचा, ही तिची पद्धत. त्यापूर्वी १९४८ साली मुंबईतील कामगारांच्या सहकारातून अपना बाजार उभा राहिला होता. या साऱ्या संस्थांचे मर्म एकच आहे. खाणे कमी न करता खर्च कमी व्हावा.

आणि लग्नखर्चाविषयी म्हणाल तर, आपल्या डोळ्यांदेखत एक मोठा प्रयोग घडून गेला. २०२० साली करोनाची साथ आली. लग्नास ५० माणसांची मर्यादा पडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर महाराष्ट्रात २५ माणसे आणि दोन तास, असा नियम झाला. त्या दिवसांत आपल्या ज्ञातीतही पुष्कळ लग्ने झाली. ती लग्ने काय कमी प्रतीची ठरली? त्या जोडप्यांचे संसार काय कमी सुखाचे आहेत? कोणी कोणास नावे ठेवली नाहीत, कारण नियम सर्वांना सारखा होता. साथ ओसरली आणि आपण पुन्हा मंगल कार्यालये, सजावट, छायाचित्रांचे सोहळे आणि शेकड्यांनी पाने यांकडे वळलो. महामारीने जी मोकळीक दिली ती आपल्यास शहाणपणाने राखता आली नाही.

दुसऱ्यास सांगणाऱ्याने आपलेही सांगावे, म्हणून लिहितो. २०११ साली मीही चिरंजीवाच्या लग्नासाठी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलली आणि शिवाय पतसंस्थेचे कर्ज काढले. माझ्या वहीत ते लिहिलेले आहे. अण्णांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

आपल्या मंडळाने काय करावे

हा सारा इतिहास सांगण्याचे प्रयोजन असे की, घरखर्चाची काटकसर ही केवळ गृहिणीची जबाबदारी समजून तिच्यावर ढकलू नये. तिने आजवर पुष्कळ केले आहे. आता मंडळाने आपला वाटा उचलावा. माझ्या अल्पमतीप्रमाणे पुढील गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, लग्नातील पंगतीची संख्या, आहेर व मानपान यांवर वार्षिक सभेत मर्यादेचा ठराव व्हावा, आणि तो प्रथम पदाधिकाऱ्यांनी व सधन कुटुंबांनी पाळावा. गरिबाने साधेपणा केला तर त्यास कुजबुज सोसावी लागते. श्रीमंताने केला तर ती रीत पडते. दुसरी, ग्राहक पंचायतीच्या धर्तीवर वीस-पंचवीस घरांनी मिळून महिन्याचे वाणसामान घाऊक खरेदी करावे. तिसरी, मंडळाने पुस्तकपेढी चालवावी आणि ज्या घरी नोकरी गेली, आजारपण आले किंवा पीक बुडाले, त्या घरच्या मुलीची फी न बोलता भरण्यासाठी एक निधी वेगळा काढावा. न बोलता हा शब्द महत्त्वाचा आहे. चौथी, हप्त्याने वस्तू घेण्याच्या मोहापासून तरुणांस सावध करावे. पूर्वीची उचापत आणि आजचा हप्ता यांत फरक एवढाच की वाणी ओळखीचा होता.

शेवटची गोष्ट प्रत्येक घरासाठी. जमाखर्चाची वही घाला. भ्रमणध्वनीवर हिशेब ठेवीत असाल तरी हरकत नाही, पण ठेवा, आणि महिन्यातून एकदा घरातील सर्वांनी, मुलांसुद्धा, एकत्र बसून तो वाचा. महागाई वाढली आणि काही कमी करावयाचे ठरले तर आधी एकच प्रश्न विचारा: जे आपण कमी करीत आहो ते कोणाचे आहे? जी व्यक्ती तक्रार करीत नाही तिचेच काही कमी होत असेल, तर तेथे थांबा आणि दुसरे पान उलटा. त्या दुसऱ्या पानावर कोठे तरी बँडचे पंचाहत्तर रुपये आपल्यास निश्चित सापडतील.

आपल्या ज्ञातीतील एकाही मुलीचे नाव महागाईपायी शाळेतून काढले जाऊ नये आणि एकाही पित्याने लोकलज्जेपायी कर्जाच्या कागदावर सही करू नये, एवढी प्रार्थना करून ही लेखणी ठेवतो.